रकाना सातवा

सातव्या रकान्यात चार ओळींची जागा आहे.
'काय घडलं ते थोडक्यात लिहा.'
वाचनालयातली मुलगी म्हणते,
मावत नसेल तर वेगळा कागद जोडता येतो.

तर लिही.
मी देओलिंदा फुर्तादो, वय एकसष्ट,
न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर, मासळीच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं हॅडक सोलला.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
पात्यानं उजव्या हाताची दोन बोटं नेली.
बर्फाच्या खोक्यात सापडली ती, पण उशिरा.
नाही, खोडू नकोस.
'उशिरा' हा शब्द पुढे पुन्हा लागणार आहे.

वकिलाचं नाव हर्मिनियो तावारिश.
एकोणचाळीस पायऱ्या, वर काचेचं दार,
दारावर सोनेरी अक्षरं,
आणि त्या सोन्यात
आमच्या चर्चमधल्या घराघराची चिल्लर.
तो कायदा शिकायला निघाला तेव्हा
खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात उभं राहून
आम्ही काचूपा विकला होता,
कागदी वाट्यांतून, दर शनिवारी.
केप व्हर्दच्या बायकांचा पहिला वकील.

तो म्हणाला, केस दाखल केली.
तो म्हणाला, तारीख पडली.
मग न्यायाधीश आजारी होते.
मग समोरचे वेळ काढत होते.
नाताळात गोड पाव घेऊन गेले
तर एक तुकडा मोडून म्हणाला,
डाव्या हातानं मळलात? जमलाय की.

मुदत होती तीन वर्षांची.
चौथ्या वर्षी मीच गेले कोर्टात.
खिडकीतल्या कारकुनानं नाव टाइप केलं,
अक्षरं विचारली, परत टाइप केलं,
मग पडदा माझ्याकडे वळवला.
कोरा.
पाळी सुटल्यावर पाणी मारलेल्या ओट्यासारखा.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी चढले तेव्हा कळलं
माझी केस कधी चढलीच नव्हती.

मुलगी भराभर लिहिते. इंग्रजीत माझं बोलणं
आखूड होत जातं, ओळखू येत नाही.
आठवा रकाना: 'तुमची अपेक्षा काय?'
ती वाचून दाखवते,
इथे पैसे मिळत नाहीत, बोटं तर नाहीतच.
समज, निलंबन, फार तर सनद जाईल.

काल रात्री त्याची आई आली होती.
कुणी सांगितलं तिला, माहीत नाही.
पायरीवर उभी, स्कार्फ हनुवटीखाली घट्ट.
'तुझा पावाचा डबा राहिला होता आमच्याकडे.'
एवढंच बोलली. गेल्यावर झाकण उघडलं.
रिकामा.
चाळीस वर्षांत आम्ही एकमेकींचं भांडं
रिकामं परत केलं नव्हतं,
काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी.

अजून एक लिही.
माझ्या भावाला परत पाठवणार होते तेव्हा
हाच हर्मिनियो बॉस्टनला दिवसभर उभा राहिला,
जेवला नाही, फी घेतली नाही.
भाऊ आज दोन रस्ते सोडून राहतो.
हे कुठल्या रकान्यात?

मुलगी फॉर्म उलटते, पालटते.
यासाठी रकाना नाही, म्हणते,
आणि यानं तुमची तक्रार कच्ची पडेल.

पडू दे. जोड तो वेगळा कागद.
खोटं त्यानं लिहिलं, मी कशाला लिहू?

सही मी उजव्या हातानं करते.
तीन बोटांत पेन हलतं,
ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही.
'आणि तारीख?' ती विचारते.
आजची.
आत्ता घाल, माझ्यासमोर.
पडायची वाट बघू नकोस.